योग्य ठिकाणी जा

३ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. नियम एकच. इथे खरं आणि स्पष्ट लिहायचं, आडपडदा नाही. वाचणारा मी एकटाच, मग लाज कुणाची?

हे सुचायला कारण घडलं. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून नवी फाईल दिली. विषय : लैंगिक आरोग्य जनजागृती मोहीम. प्रचाराचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं आहे, त्याच्यासाठीच्या अटी मी तयार करायच्या. (‘लैंगिक’ : लिहिला शब्द. खाडाखोड नाही.) साहेब म्हणाले की हे काम धीट माणसाचं आहे आणि सेक्शनमधला दुसरा धीट माणूस रजेवर आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा माझी योग्य पारख झाली.

निश्चय : अटी अशा लिहायच्या की शब्दाला शब्द. गुळमुळीत भाषा बंद.

ता. क. सकाळी आंघोळ करताना हाताला एक गाठ लागली. खाली, डावीकडे. वाटाण्याएवढी. दुखत नाही. ऑफिसच्या खुर्चीमुळे असणार, तिचा मधला भाग खचला आहे. शनिवारी डॉक्टरांना दाखवतो.

५ मार्च, गुरुवार

आमच्याच इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर, खोली नंबर चौदामध्ये तपासणी केंद्र आहे, असं आज कळलं. तिथल्या सिस्टर आल्या होत्या. एकोणीस वर्षं तिथे आहेत. त्यांनी स्वतःच चार पानी मसुदा लिहून आणला आहे. कंत्राटदाराने अवयवांची आणि आजारांची नावं सरळ लिहावीत. प्रत्येक पोस्टरवर केंद्राचा पत्ता आणि वेळ, लांबून दिसेल अशी. सोबत परिशिष्ट क : पुरुषाच्या आणि बाईच्या शरीराचं साधं रेखाचित्र, बाण आणि नावांसकट. सिस्टरांनी ते स्वतःच्या हाताने काढलं आहे.

शिवाय पुरुषांसाठी वेगळं पोस्टर. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतः तपासा, गाठ लागली तर आठवड्याच्या आत या. हा मुद्दा वाचताना मी दोन ग्लास पाणी प्यायलो.

सिस्टर म्हणाल्या की पुरुष फार उशिरा येतात, आणि आले तरी पंख्याकडे बघत अशक्तपणा आहे म्हणून सांगतात. मी म्हटलं, अडाणी लोक. त्या म्हणाल्या की शिकलेले जास्त. आणखी एक गोष्ट म्हणाल्या. तीस जूनपर्यंत येणाऱ्यांची संख्या वाढली नाही, तर केंद्र बंद करून ती खोली जुन्या रेकॉर्डला देणार आहेत. मी त्यांना सांगितलं, आता मी आहे.

८ मार्च, रविवार

काल डॉक्टरांकडे जायचं राहिलं. त्यांचा कंपाउंडर आमच्याच जिन्यात राहतो.

११ मार्च, बुधवार

मसुदा टाइपला दिला. टायपिस्ट मुलगी नवीन आहे, आमच्या थोरलीच्या वयाची. तिला तोंडी सांगायला बसलो आणि तिसऱ्याच ओळीत अडलो. तात्पुरतं ‘सदर अवयव’ असं सांगितलं. मग ‘सदर आजार’, ‘सदर बाब’. तिने विचारलं की सदर म्हणजे वर कुठेतरी आधी यायला हवं ना. मी म्हटलं, येईल. खरे शब्द शेवटच्या प्रतीत हाताने घालू. निम्मं काम झाल्यासारखंच आहे.

१६ मार्च, सोमवार

फाईल साहेबांकडून परत. परिशिष्ट क वर हिरव्या शाईत प्रश्नचिन्ह. साहेब म्हणाले की ते स्वतः मोकळ्या विचारांचे आहेत, पण फाईल वर जाते आणि वरच्यांचं सांगता येत नाही. चित्राच्या बाजूने मी अत्यंत परखड मुद्दे मांडणार होतो. पाचही मुद्दे जिन्यात आठवले.

परिशिष्ट क काढलं. सिस्टरांना परत दिलं. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मी समजावलं की हे डावपेच असतात, एक पाऊल मागे म्हणजे दोन पावलं पुढे. पुढची दोन पावलं कोणती ते त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं.

२७ मार्च, शुक्रवार

मोहिमेच्या समितीची बैठक. आज मी गाजवली.

विधी विभागाचं म्हणणं, पोस्टरवर पत्ता छापला तर तिथे जाणारा प्रत्येक माणूस ओळखू येईल. बिनतोड मुद्दा. पत्ता काढला. मग मला एकदम सुचलं की पत्ता काढून खोलीच्या दारावर पाटी ठेवायची, तर उपयोग काय? येणाऱ्याच्या गोपनीयतेसाठी पाटीही उतरवावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी ‘उत्तम’ असा शेरा मारला, आणि तोही माझ्यादेखत.

नोंदणीचा अर्जही सुटसुटीत केला. सिस्टरांच्या अर्जात तक्रारीसाठी बारा चौकटी होत्या, नावानिशी. मी दोनच ठेवल्या. ‘सर्वसाधारण’ आणि ‘इतर’.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली की मग माणसाला केंद्र सापडणार कसं. प्रशासन इतकं सोपं नसतं, असं मी सांगितलं. तर म्हणे, तुम्ही हल्ली एका बाजूला कलून का बसता?

८ एप्रिल, बुधवार

इच्छुक कंत्राटदारांची बैठक. तिघे आले. पहिल्याने विचारलं की हे डासांबद्दल आहे का. मी म्हटलं, सर्व माहिती कागदपत्रात आहे. त्याने अठ्ठावीस पानं पुढून मागे आणि मागून पुढे चाळली, आणि कुठेच नाही म्हणाला. दुसऱ्याला वाटलं, पाणीबचत.

मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सिस्टर उठल्या आणि विषय काय ते त्यांनी नावं घेऊन सांगितलं. चार वाक्यांत. पहिला कंत्राटदार घरी विचारून सांगतो म्हणून निघून गेला. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘सिस्टरांनी तांत्रिक माहिती पुरवली.’

तिसरा मात्र कामाचा वाटला. टेम्पोवर भोंगा लावून फिरतो. सगळे त्याला भोंगेवालाच म्हणतात. विषय कुठलाही असो, आवाज पोचेल, असं म्हणाला.

२२ एप्रिल, बुधवार

गाठ आता गोटीएवढी. अंगातल्या अंगात विरघळेल.

तरी आज निश्चयाने डॉक्टरांकडे गेलो. पाळी आली. काय होतंय विचारलं. पडद्यापलीकडे कंपाउंडर पुड्या बांधत होता. मी खोकला म्हणालो. दोनदा खोकूनही दाखवलं.

खोकल्याची बाटली दिली आहे, दिवसातून तीन चमचे. गाठ हिच्याही लक्षात आली आहे. तिने विचारलं तेव्हा सांगितलं की डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही नाही. औषध नियमित घेतोय. माणसाने सुरू केलेला कोर्स पूर्ण करावा.

६ मे, बुधवार

कंत्राट भोंगेवाल्याला. सगळ्या अटींत तो बसला. वाहन स्वतःचं, अनुभव दहा वर्षं, आजवर एकही तक्रार नाही. सिस्टरांनी विचारलं की याच्या कामामुळे कुणी कुठे गेल्याचा काही पुरावा आहे का. अटींत तसं काही मागितलं नव्हतं. अटी मीच लिहिल्या आहेत, तेव्हा मला माहीत आहे.

२५ मे, सोमवार

पोस्टर आलं! उगवता सूर्य. सूर्याकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून उभं असलेलं चौघांचं कुटुंब. खाली ठळक : ‘वेळीच जागे व्हा. योग्य ठिकाणी जा.’ नाव ठेवायला तसूभरही जागा नाही. मी बराच वेळ बघत बसलो, डोळे भरून आले.

संध्याकाळी टेम्पो आमच्या गल्लीत आला. ‘नागरिकहो, संकोच सोडा! योग्य ठिकाणी जा!’ आवाज खरोखर पोचतो. शेजारचे काका लगेच शर्ट चढवून मतदार यादीत नाव आहे का ते बघायला निघाले. ही गॅलरीत उभी होती. ठिकाण कुठलं ते सांगत का नाहीत, असं तिने विचारलं. मी आत येऊन औषध घेतलं.

गाठीचा आकार नोंदवणं बंद केलं आहे. उगीच मनाला चाळा.

१२ जून, शुक्रवार

सिस्टर आकडे घेऊन आल्या. मोहिमेआधी महिन्याला अकरा-बारा जण यायचे. मे महिन्यात चार. पाटी नसल्यामुळे दोघे शेजारच्या खोलीत शिरले, त्यातला एक जन्मदाखल्याची दुसरी प्रत घेऊन परत गेला. मी म्हटलं, जनजागृतीला वेळ लागतो. त्या म्हणाल्या की वेळ अठरा दिवस आहे.

जाताना थांबल्या आणि मी असा का चालतो ते विचारलं. मी गुडघा म्हणालो. त्यांनी गुडघ्याकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, गुडघ्यासाठी आलात तरी चालेल, साडेपाचपर्यंत असते मी.

निश्चय : सोमवारी जायचं. फाईलच्या निमित्ताने.

१५ जून, सोमवार

फाईल साहेबांकडे होती.

२९ जून, सोमवार

हिने कपाट आवरताना खोकल्याच्या बाटल्या मोजल्या नाहीत, फक्त एकीवरचं लेबल वाचलं. मग स्वयंपाकघरातून बाहेर येऊन समोर बसली. खोकला मी तुमचा एकदाही ऐकला नाही, म्हणाली. मी म्हटलं, औषधाचा गुण. नेहमी हसते, आज हसली नाही.

गाठ तिला एप्रिलपासून माहीत होती. डॉक्टरांनी तपासलं असं मी सांगितलं, त्यावर तिने विश्वास ठेवला. हे ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा आवाज फुटला. तीस वर्षांत मी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“उद्या त्या सिस्टरांचा शेवटचा दिवस ना? तुम्ही जा, नाहीतर मी तुमच्या ऑफिसात येते आणि तुमच्या साहेबांना विचारते केंद्र कुठे आहे ते.”

बाई करून दाखवील. उद्या जातो.

३० जून, मंगळवार, दुपारी दीड

गेलो. क्रमाने लिहितो.

सव्वादहाला इमारतीच्या मागच्या बाजूला गेलो. लांब बोळ, दोन्हीकडे बंद दारं. नंबर रंगकामात गेलेले, पाटी एकावरही नाही. पहिल्या दारामागे झाडू आणि बादल्या. दुसऱ्यामागे कसलीतरी मीटिंग, सगळ्यांनी वळून बघितलं. मी सॉरी म्हणून दार लावलं. बोळाच्या टोकाला आमचा शिपाई स्टुलावर बसला होता. त्याला विचारायला तोंड उघडलं आणि नेमकं काय विचारायचं ते सुचेना. शेवटी म्हणालो, ते, योग्य ठिकाण कुठे आहे? तो मनापासून हसला. साहेब, पोस्टर पाठ झालं तुमचं, म्हणाला आणि संडासाकडे बोट दाखवलं.

परत फिरलो. तेव्हा एका दारावर लक्ष गेलं. चार स्क्रूंची चार भोकं, आणि मधला रंग चौकोनी, बाकीच्या दारापेक्षा उजळ. इथे पाटी होती. उतरवल्याच्या कागदावर माझी सही आहे.

आत सिस्टर खोक्यांत सामान भरत होत्या. मला बघून त्यांनी नोंदणीचा अर्ज पुढे केला. नाव, वय भरलं. तक्रार : सर्वसाधारण किंवा इतर. ‘इतर’वर खूण केली. त्यांनी अर्ज उलटसुलट करून बघितला.

“इतर म्हणजे काय, साहेब?”

मी वर बघितलं. पंखा बंद होता. तीन पाती, एकावर जळमट. घामाने शर्ट पाठीला चिकटला. सांगायचं म्हणून मी खरंच तोंड उघडलं होतं. पण माझ्याजवळ सदर अवयव होता, सदर बाब होती, दुसरा शब्दच नव्हता.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मग बांधून ठेवलेलं एक खोकं सोडलं आणि आतून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर पसरला. परिशिष्ट क. कोपऱ्यात साहेबांचं हिरवं प्रश्नचिन्ह तसंच.

मी बोट ठेवलं.

केंद्राच्या डॉक्टरांना त्यांनी फोन करून बोलावलं. पडद्यामागे तपासलं, तीन मिनिटंही लागली नाहीत. कधीपासून आहे विचारलं तेव्हा मी आठ-दहा दिवस म्हणालो. सिस्टर लिहायच्या थांबल्या. मग खरं सांगितलं, तीन मार्च, सकाळी. तारीख इतकी अचूक कशी आठवते, असं डॉक्टरांना वाटलं असावं.

मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली आहे. उद्या सकाळी आठ. मी विचारलं, साधंच असेल ना? डॉक्टर म्हणाले, तपासण्या झाल्याशिवाय सांगता येणार नाही, पुष्कळदा बरं होतं. मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या की मार्चमध्ये आला असतात तर बरं झालं असतं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

रजिस्टरात जूनचा सहावा पेशंट मी. माझ्याखाली त्यांनी रेघ ओढली.

संध्याकाळी सहा

हिला सांगितलं. सगळं, बोट ठेवल्याचंही. तिने उद्याची पिशवी भरली, चिठ्ठी दोनदा वाचली. सोबत येणार आहे. टेम्पो आत्ताच गल्लीतून गेला, कंत्राट सप्टेंबरपर्यंत आहे.

मग बसून पहिलं पान काढलं. तीन मार्च. खरं आणि स्पष्ट लिहायचं, आडपडदा नाही. उद्या हॉस्पिटलच्या खिडकीवर पुन्हा कुणीतरी विचारणार. निदान इथे तरी एकदा सराव करावा म्हणून तो शब्द लिहिला. सुवाच्य अक्षरात, पूर्ण. वाचला.

आणि खोडला. खोडल्यावर ऑफिसच्या सवयीने बाजूला सही केली, खाली तारीख घातली.