इंग्रजी यू

गुरुवार, ९ मार्च १९७२
आज सकाळी अंघोळ करून दत्ताच्या देवळात गेलो. वहाणा पायरीशी काढल्या. प्रदक्षिणा घालून बाहेर येतो तो एक कुत्र्याचं पिलू माझ्या डाव्या वहाणेचा अंगठा तोंडात धरून बसलेलं. पायरीशी इतके जोड पडले होते, त्यानं माझीच धरली. वार गुरुवार, देऊळ दत्ताचं. याला योगायोग म्हणवत नाही. घरी आणलं. नाव भैरू ठेवलं.
राहीच्या आईचं म्हणणं, लेक सासरी गेल्यापासून तुम्हाला करमत नाही म्हणून आणलंय. तसं काही नाही. देवाची इच्छा.
वहाणेचा अंगठा तुटला. शिवून घेऊ.

रविवार, १२ मार्च
घोंगडीच्या दशा खाल्ल्या. छत्रीची मूठ चावली. राहीची आई म्हणते, हाड म्हणा. देवाच्या दारातल्या कुत्र्याला मी हाड म्हणणार नाही. समोर बसवून समजावून सांगितलं. ऐकताना माझ्या धोतराचा सोगा त्याच्या तोंडात होता, पण ऐकलं.

गुरुवार, १६ मार्च, पाडवा
आजपासून ट्रेनिंग. सूर्यभान हवालदार पलटणीतून रिटायर होऊन गावी आलेत. नगरच्या कॅम्पात त्यांनी साहेबांची कुत्री पाहिली आहेत. ते म्हणाले, मराठीत रागावलेलं कुत्रं मनावर घेत नाही. बोट रोखून आधी 'यू' म्हणायचं, मग 'नो'. वस्तू सोडली की भाकरीचा तुकडा बक्षीस.
इंग्रजीत यू म्हणजे तू. शिवी नाही, अपमान नाही. देवाच्या कुत्र्याला चालण्यासारखं आहे. रामनवमीपर्यंत भैरू तयार होईल.

शनिवार, १८ मार्च
यश. माझी टोपी चावत होता. बोट रोखून यू म्हणालो. टोपी तोंडात घेऊन धावत आला आणि पायाशी ठेवली. भाकरी दिली. 'नो' म्हणायची वेळच आली नाही. टोपीला भोक पडलंय, पण उन्हाळ्यात हवा लागते.
राहीची आई चुलीपाशी हसत होती. "अवो, भाकर टाकताना सगळं गाव कुत्र्याला यू यूच म्हणतंय. त्यो येनारच की."
तिला सांगितलं, तो यू वेगळा. हा इंग्रजी आहे.

मंगळवार, २८ मार्च
रामनवमी होऊन गेली. प्रगती जरा जास्तच वेगानं चालली आहे. आता न बोलावता वस्तू आणतो. आज पानाची चंची आणली, चष्म्याचं घर आणलं, जपाची गोमुखी आणली. समोर ठेवून भाकरीची वाट बघत बसतो. उशीर झाला तर वस्तू परत नेतो आणि आणखी चावून आणतो.
शिस्त आली आहे. चावण्याचं तेवढं राहिलं.
गोमुखी फाटल्यामुळे जप बोटांवर केला. राहीची आई रोज एक भाकरी जास्त थापते आणि प्रत्येक भाकरीला काहीतरी बोलते.

शनिवार, ८ एप्रिल
भिंतीला खुंट्या ठोकल्या. वहाणा, घोंगडी, छत्री, काठी, सगळं वर टांगलं. ओसरी बाजारच्या दुकानासारखी दिसते. शेजारची बायडाबाई येऊन भाव विचारून गेली.
अधिक महिना लागतोय. धोंड्याच्या जेवणाला राही आणि जावई यायचे आहेत. राहीच्या आईनं आज बजावलं, जावयाच्या बुटाला तोंड लावलं तर त्याच दिवशी हे कुत्रं देवळाच्या पायरीशी परत. ती बोलते ते करते.
यू म्हणणंच बंद करायचं ठरवलं. उद्यापासून.

रविवार, ९ एप्रिल
म्हणालो. एकदाच. काठी होती.

सोमवार, १० एप्रिल
म्हणालो. काठीच होती. आता ती काठी म्हणण्यासारखी राहिलेली नाही.

गुरुवार, २० एप्रिल
देवापुढे बराच वेळ बसलो. तूच दिलंस, तूच दात आवर, असं म्हणालो. घरी आलो तर खुंटीवरून पडलेली घोंगडी दारात आडवी आणि भैरू तिच्यावर झोपलेला. तोंडात एक दशी. राग येईना. राही लहानपणी पदराचं टोक तोंडात धरून झोपायची.
परवा नगरच्या बाजारात जावयांचे चुलते भेटले. कुत्रं कसं आहे म्हणाले. सांगितलं, पुरं शिकवलंय, यू म्हणालं की हवी ती वस्तू पायाशी आणून ठेवतं. यात खोटं काही नाही.

रविवार, ७ मे
राही आली. जावई गोरक्षनाथराव आले. नवे तपकिरी बूट, राहात्याच्या बाजारातले. ते मी सगळ्यात उंच खुंटीला टांगले.
पुरणाचे धोंडे खाऊन झाल्यावर रीतीप्रमाणे जावयांना विचारलं, काय पाहिजे. धोतरजोडी मागतील असा अंदाज होता.
"मामा, दुसरं काय न्हाई. तुमचा भैरू द्या. चुलते म्हनले, लई शिकवलाय. मळ्यावर असं शहानं कुत्रं पायजे."
धोंड्यात जावयानं तोंडानं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. पण याला काही येत नाही एवढं सांगितलं असतं तर जावयांनीच नको म्हटलं असतं. तोंड उघडलंही. सूर्यभान हवालदार पंगतीला होते, मान वर करून माझ्याकडे बघत होते.
न्या, म्हणालो.

सोमवार, ८ मे
पहाटे उपाय सुचला. जावयांचे बूट काढून भैरूपुढे ठेवायचे. तो खाईल, जावई बघतील, मला काही सांगावं लागणार नाही. राहीची आई त्याला देवळाशी सोडेल. तिथं मी तसाही रोज जातो.
ठेवले. भैरूनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. नाडी त्याच्या ओठाला लावली. दत्ताचं नाव घेतलं. हे मागणं मागण्यासारखं नव्हतं, तरी मागितलं. शेवटी यू म्हणालो. बूट ओलांडून आला आणि माझ्या पायातली डावी वहाण ओढू लागला.
दारात जावई उभे होते. "नव्या बुटाला बी तोंड लावत न्हाई. धन्य हाय तुमची, मामा."
नंतर राहीची आई चूल फुंकताना हळूच म्हणाली, "त्यानं तुमच्याबिगर कुनाचं काय खाल्लंय? माझी एक वस्तू दावा."
दिवसभर आठवून पाहिलं. एकही नाही.

मंगळवार, ९ मे
ओळखीच्या ट्रकनं मंडळी निघाली. सडकेपर्यंत पोचवायला गेलो. मागच्या फळीशी राही बसली होती, तिच्या मांडीवर भैरू. माझी डावी वहाण त्यानं तोंडात धरलेली. राही ती ओढून मला देऊ लागली. राहू दे म्हणालो, तशीही शिवायची होती.
ट्रक हलला. भैरूनं फळीवर पाय ठेवून कान टवकारले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. एकदा म्हटलं असतं तर वहाणेसकट उडी टाकून आला असता. तोंडाशी आलं होतं, इंग्रजीतलंही आणि गावातलंही.
यू म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज म्हणालो नाही.