पुढच्या सीटबद्दल शेवटचं मागणं

मी एलामान तोक्तारुली, वय तेवीस, धंदा शेअर टॅक्सी, राहणार सारिबुलाक, हे माझ्या हाताने लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. दुखतंय ते पोट, तेही उजवीकडे खाली. कोणी धमकावलेलं नाही, दारू प्यायलेलो नाही, प्यायला देतच नाहीत. डॉक्टर जेवून आले की माझं अपेंडिक्स काढणार. लूडा सिस्टर म्हणाली, "यात कोणी मरत नाही." पण ते म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. कागद तिच्याच टेबलावरचा आहे, मागची बाजू कोरी होती.

पहिलं. डब्यातले पैसे आईला. डबा कुठे आहे ते आईला माहीत आहे, मला वाटत होतं की नाही.

दुसरं. माझी गाडी. वय माझ्यापेक्षा जास्त, पण पेट्रोल टाकलं की पळते, आणि पेट्रोल आमच्याकडे स्वस्त आहे. ती बाबांना. तिची बॅटरी थंडीत रोज संध्याकाळी काढून घरात चुलीपाशी ठेवायची आणि सकाळी परत बसवायची. इंजिनावर टाकायचं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, पांघरूण माझ्या पलंगाखाली आहे. बाबा म्हणतात की मी बॅटरीला आईपेक्षा जास्त जपतो. बाबा, बॅटरी उलटून बोलत नाही.

गाडीतून एक वस्तू मात्र काढून घ्यावी. ड्रायव्हरशेजारची सीट. ती मार्झानला द्यावी.

मार्झान आमच्या गावची, तालुक्याच्या बालवाडीत शिकवते. दोन वर्षं रोज सकाळी त्याच सीटवर बसून गेली. सीटची स्प्रिंग तिच्या बाजूने बसलीये, दुसरं कोणी बसलं की टोचते. मी मुद्दाम दुरुस्त केली नाही.

तिसरं. आता बेकझातचं. हा माझा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षं मोठा, माझ्याच रस्त्यावर टॅक्सी चालवतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने हायब्रिड घेतली, कागदावर मामाच्या नावाने. साध्या गाडीपेक्षा दीड मिलियन तेंगे जास्त मोजले. मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याने हिशोब कोरून ठेवलाय, कोणीही जाऊन बघावा. आमचा सगळा मोकळा रस्ता, शहरासारखं थांबा-निघा नाही, मग ती गाडी वाचवणार काय? स्वस्त पेट्रोल थोडं कमी जाळून दीड मिलियन भरून निघायला अकरा वर्षं लागतात. तोवर तिची ती मोठी बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल, म्हणजे परत पहिल्यापासून. हे मी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बेकझातने साखर ढवळली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं." बस, एवढंच. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मार्झान त्याच्या गाडीत बसली.

मी विचारलं तिला. भाडं तेच, वेळ तीच, मग का? ती म्हणाली, "तुझ्या गाडीत बोलायचं तर ओरडावं लागतं. त्याच्या गाडीत ऐकू येतं." तेव्हापासून मला नीट झोप नाही. असं काय बोलतात ते, जे ऐकू यायलाच पाहिजे?

इथे एक कबुली. आमच्याकडे रिवाज आहे, कोणाची नवीन गाडी पहिल्यांदा बघायची तर मालकाच्या हातावर काहीतरी भेट ठेवावी लागते. मी उंटाच्या गळ्यातली घंटा दिली, पण हातावर नाही. गाडीखाली मागच्या बाजूला तारेने बांधली आणि कोणाला सांगितलं नाही. तीन आठवडे बेकझात मेकॅनिककडे खेपा घालत होता, "हायब्रिडमध्ये काहीतरी वाजतंय." मेकॅनिकने अर्धी गाडी खोलली, ती वरून. शेवटी घंटा सापडली. पण त्याने काढली नाही. मार्झान म्हणाली की राहू दे, गाडीचा आवाज नाही तर मेंढ्यांना कळायचं कसं. माझी घंटा, त्याची गाडी, आणि हसली ती त्याच्याकडे बघून. घंटा बेकझातलाच ठेवावी. माफी मागत नाही.

चौथं. हे सापार मामासाठी, म्हणजे बेकझातच्या वडिलांसाठी. मामा, नीट वाचा. भाच्याने मामाकडे आयुष्यात तीनदा काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, हा माझा हक्क. नऊ वर्षांचा असताना मी शिंगरू मागितलं, तुम्ही दिलंत. पंधराव्या वर्षी तुमचा शिकारी कुत्रा मागितला, तो तुम्ही रडत दिलात आणि तो आठ दिवसांत तुमच्याकडे पळून आला. तिसरं बाकी आहे. हायब्रिड आली तेव्हापासून तुम्ही माझ्यासमोर बसून मांस खाल्लेलं नाही, न जाणो जेवता जेवता मी गाडी मागायचो. मी "मामा" म्हटलं की तुम्हाला शेजारच्या गावात काम निघतं. नोव्हेंबरात तर तुम्ही गाडी गुलबारशिन मामीच्या नावावर केलीत, कारण मामीकडे भाच्याला मागता येत नाही. मी हसलो होतो. पण खरं सांगतो, रोज सकाळी मनात तीच गाडी मागत होतो.

आज सकाळपर्यंत.

आज सकाळी मी अंगणात वाकडा होऊन पडलो. बाहेर उणे एकतीस. माझी गाडी बाबांनी बॅटरी बसवून बघितली, खोकली आणि गप्प झाली. मग घंटा वाजत हायब्रिड आली. मला मागे आडवा टाकला. मार्झान आधीच पुढे बसलेली, ती बालवाडीला न जाता तशीच आली. रेल्वे फाटकाशी गाडी थांबली, मालगाडी जायची होती. इंजिन आपोआप बंद झालं. काचा बंद, गाडीत काही म्हणजे काही आवाज नाही, मालगाडीची धडधडही दबलेली. आणि पुढून मार्झानचा आवाज आला, अगदी हळू, ओठातल्या ओठात, काहीतरी एकसारखं म्हणत होती. सगळी मालगाडी जाईपर्यंत. माझ्या गाडीत हे मला कधीच ऐकू आलं नसतं.

आता ती माझ्यासाठी दुवा मागत होती की मालगाडीचे डबे मोजत होती, ते मला माहीत नाही. बालवाडीच्या बाई काहीही मोजतात. पण तेवढ्या एका फाटकासाठी मी अकरा वर्षं पेट्रोल भरलं असतं. भिंतीवरचा हिशोब पुसू नका, तो बरोबरच आहे. फक्त त्यात फाटक धरलेलं नाही.

म्हणून मामा, तिसरं मागणं. गाडी मामीच्या नावावर आहे, पण मुलगा अजून तुमच्याच नावावर आहे. मी या दवाखान्यातून उठेपर्यंत बेकझातने मार्झानला पुढच्या सीटवर बसवू नये. मागे बसवावं. नेणं-आणणं करावं, पण मागे.

हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा शेजारच्या खाटेवरचे दोसबोल आजोबा उठून बसले. त्यांना हर्निया आहे, उठायला मनाई आहे.

"गाढवा, आख्खी गाडी मागता येत असताना सीट मागतोस?"

मी म्हटलं, "आजोबा, गाडी घेतली आणि ती येऊन बसली, तर ती गाडीसाठी बसली की माझ्यासाठी, हे मला कसं कळणार?"

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "पेन दे."

मेलो तर हे मागणं बेकझातच्या लग्नापर्यंत चालू ठेवावं. मग तो मोकळा.

सही: एलामान (ट्रॉली आली, म्हणून वाकडी)

साक्षीदार पहिले: दोसबोल झुमाखान. पोरगा शुद्धीवर आहे. बाकी मी काही बोलत नाही.

साक्षीदार दुसरे: बेकझात सापारुली. सिस्टरने मला एकट्यालाच वर सोडलं. म्हणाली की ज्याचं नाव कागदात आहे त्याने साक्ष द्यायची नसते, पण इथे दुसरं कोणी नाही. वाचलं. मागणं मान्य, अब्बांना मी सांगेन. आत्ताही ती खाली गाडीत मागेच बसलीये, स्वतःहून. आणि डबे मी मोजले होते, बासष्ट. ती डबे मोजत नव्हती.

तालदिकोर्गान, जिल्हा दवाखाना, दुसरा मजला. एकवीस जानेवारी, दुपारचे दोन.