उजव्या बाजूचा हर्निया

९ फेब्रुवारी
आज जाड्याने तपासलं. जाड्या म्हणजे माझा कॉलेजातला मित्र, आता आमच्याच हॉस्पिटलात सर्जन. हल्ली पार काडी झालाय, नाव तेवढं चिकटून राहिलं. खोकायला लावलं. खोकलो. जांघेत उजव्या बाजूला फुगा आला. हर्निया. आडवं झालं की आत जातो. जाड्या म्हणाला, ज्या दिवशी आत जाणार नाही त्या दिवशी आतडं अडकेल आणि मग तुला घाईघाईत फाडावं लागेल, त्यापेक्षा आत्ताच उरकून टाक. मी अत्यंत शांतपणे ऐकलं. परतताना जिना चुकलो आणि शवागाराच्या दाराशी निघालो, पण ते विचारांच्या नादात.

भीतीचा प्रश्नच नाही. रुग्णसुरक्षेचा अभ्यास इथे मीच चालवतो. ऑपरेशन टेबलावर काय काय चुकू शकतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

(वरचं वाक्य पुन्हा वाचलं. धीर यायला हवा होता.)

११ फेब्रुवारी
घरी सांगितलं. हिने विचारलं, भीती वाटते का. मी हसलो. हसू जरा जास्तच वेळ चाललं. ही म्हणाली, पाणी प्या.

संकल्प: येत्या सोमवारी ऑपरेशन. काळ्या दगडावरची रेघ.

१६ फेब्रुवारी
रेघ पुढे ढकलली. अभ्यास ऐन रंगात आलेला असताना प्रमुखानेच आडवं होणं बरं दिसत नाही. आमची पद्धत साधी आहे. ऑपरेशनआधी सगळ्यांनी हात थांबवायचे. रुग्ण कोण, ऑपरेशन कसलं, बाजू कुठली, हे मोठ्याने म्हणायचं. रुग्ण शुद्धीवर असताना त्यालाही विचारायचं. कागद, अंगावरची खूण आणि रुग्णाचं उत्तर, तिन्ही जुळली तरच पुढे. एक जरी बिनसलं तरी त्या दिवशी ऑपरेशन रद्द. हा नियम मी भांडून आणला. सर्जन मंडळी माझ्या नावाने बोटं मोडतात. मोडोत बापडे.

शेवटी प्रत्येक रुग्णाचं काय झालं, त्याला आम्ही आकडा देतो. ठणठणीत घरी गेला तो एक. सहा म्हणजे काय, ते इथे लिहीत नाही.

आज छातीत धडधड. चहा कमी करायला हवा.

२४ फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. गेल्या वर्षी त्यांचं पित्ताशय काढलं. त्याच संध्याकाळी त्या नर्सला स्वेटरचा गळा कसा विणायचा ते शिकवत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, काही कळत नाही हो, डोळे मिटले की झालं. मला नेमकं तेच नको होतं. त्यांना समजावलं की तुमचा सगळा निष्कर्ष एकाच रुग्णावर आधारलेला आहे, त्याला शास्त्रात किंमत नाही. त्या म्हणाल्या, पण तो रुग्ण तुमच्याशी बोलतोय ना?

फोन हिच्याकडे दिला. शास्त्रीय चर्चा सगळ्यांशी होत नाही.

२ मार्च
आंघोळीनंतर फुगा आत जाईना. पलंगावर पडून पाय भिंतीला लावले. जाईना. अंगाला दरदरून घाम. जुन्या केसेस एकेक करून आठवायला लागल्या, त्यांच्या वयांसकट. हिला हाक मारावीशी वाटली, तोंडातून आवाजच फुटेना. मग एकदाचा गेला आत. तसाच पडून राहिलो. ही आली, म्हणाली, भिंतीला पायाचे ठसे कसले? व्यायाम करत होतो असं सांगितलं.

जाड्याला फोन केला. शुक्रवार पक्का. निर्णय पूर्णपणे शास्त्रीय.

५ मार्च
दाखल झालो. सहा नंबरची खाट देत होते. मोठ्या सिस्टरांना सांगितलं, अभ्यासाच्या दृष्टीने ही खाट योग्य नाही. त्या म्हणाल्या, सर, इथला पंखा चांगला चालतो. शेवटी खिडकीशेजारची नऊ नंबर मिळाली. पंखा खडखडतो.

जो येतो तो नाव विचारतो, मनगटावरची पट्टी बघतो. चौथ्यांदा वैताग आला. मग आठवलं की हा नियमही आपलाच.

संकल्प: सामान्य रुग्णासारखं गप्प राहायचं. फक्त ऑक्सिजनचा नळ चालू करून बघितला. आणि आपत्कालीन ट्रॉलीतल्या औषधांच्या तारखा. आणि वॉर्डातली बेल वाजते का ते. सिस्टर धावत आल्या. बेल उत्तम.

शेजारच्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर, त्याचाही हर्निया. भरदुपारी घोरतोय. अज्ञानात सुख असतं म्हणतात ते खोटं नाही.

६ मार्च, सकाळी
जाड्या आला, मार्करने उजव्या बाजूला बाण काढून गेला. बाण जरा आखूड वाटला. संडासात जाऊन डाव्या बाजूला स्वतः ठळक फुली मारली. म्हणजे इकडे नाही. किती साधी, किती सोपी युक्ती! इतक्या वर्षांत कुणाला सुचली कशी नाही?

चांगल्या बाजूला कसलीही खूण करू नये, कुणी तीच बाजू कापायची समजेल, असं आम्ही नव्या डॉक्टरांना पहिल्याच तासाला शिकवतो. पण ते सर्वसामान्यांसाठी.

बोटं गार पडली आहेत. इथला एसी फार आहे.

६ मार्च, संध्याकाळी
नऊ नंबरच्या खाटेवरच आहे. अंगावर टाका एकही नाही.

झालं ते असं. टेबलावर घेतलं. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी नाव विचारलं. सांगितलं. ऑपरेशन कसलं? सांगितलं. बाजू कुठली? सगळ्यांनी हात थांबवले. खोलीत चिडीचूप. ती शांतता मीच नियमात घातली आहे, पण टेबलावर पडून कधी ऐकली नव्हती. वर तो गोल दिवा. मास्कमागे सगळे सारखेच, त्यातला जाड्या कुठला तेही कळेना. वाटलं, आता चुकलो तर मेलो. आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणालो, डावी.

जाड्याने चादर बाजूला केली. उजवीकडे बाण, डावीकडे फुली. तो म्हणाला, गाढवा, फुगा उजवीकडे आहे, मी स्वतः तपासलाय. बाई म्हणाल्या, दिसू दे, नियम म्हणजे नियम, आणि यांचं बीपी बघा आधी. ऑपरेशन रद्द. माझ्या जागी ट्रकड्रायव्हरला घेतलं. जाताना त्याने मला हात केला.

७ मार्च
मोठ्या सिस्टर आमच्या अभ्यासाच्या नोंदी ठेवतात. त्यांना सुचवलं की कालचा प्रकार अभ्यासातून वगळावा, मी काही नेहमीचा रुग्ण नव्हे. त्या म्हणाल्या, सर, तुमच्याच नियमाप्रमाणे फक्त बेशुद्ध रुग्ण आणि पाच वर्षांखालची मुलं वगळता येतात. तुम्हाला कशात घालू?

विचार करून सांगतो म्हणालो.

९ मार्च
ऑपरेशन उद्या सकाळी. दुपारी फुगा पुन्हा अडला होता, जाड्याने दाबून कसाबसा आत घातला. आता पळवाट नाही.

सिस्टर पुन्हा आल्या. चुकीची बाजू का सांगितली, त्याचं कारण लिहायचं होतं. मी म्हणालो, घाबरलो होतो. त्या म्हणाल्या, कारणांत ते नाही. मी विचारलं, मग आजवर ज्या रुग्णांनी चुकीची बाजू सांगितली त्यांच्यापुढे आपण काय लिहिलं? 'रुग्णाचे दुर्लक्ष'. शब्द कुणाचे? तुमचेच, सर. मी विचारलं, त्यातल्या कुणाला आपण विचारलं होतं का? सिस्टर म्हणाल्या, एक आजोबा रडत होते, मी तुम्हाला तसं सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात की रडणं मोजता येत नाही.

सिस्टर गेल्यावर बघितलं, बोटं पुन्हा गार पडली होती. एसी बंद होता.

संध्याकाळी ही आली. तिचा हात धरला आणि सांगून टाकलं, मला फार भीती वाटते गं. महिनाभर कुणाला कळू दिलं नाही.

ही म्हणाली, अहो, तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.