नानांची नापास गाडी

नाना, पिंप्राळ्याचं तुमचं शेड काल रिकामं केलं. कुलपाची किल्ली सांभाळण्याचाही आता कंटाळा येतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात, आणि लोखंड उचलायचा उत्साह तर माझ्यात कधीच नव्हता. भंगारवाला तुमचे पाने, जॅक, तो वाकडा झालेला व्हाइस एकेक करून टेम्पोत टाकत होता आणि मी खुर्चीवर बसून नुसतं "न्या, तेही न्या" म्हणत होतो. मग वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक गंजलेला डबा खाली आला. तो तेवढा मी घरी आणला. त्यात काय निघालं ते सांगतोच, पण आधी बाकीचं लिहू द्या, नाहीतर नेहमीसारखा अर्ध्यात उठून जाईन.

तुमची ती जुनी इटालियन गाडी. जुळवलेली इथलीच, पण तुम्ही कुणाला तसं म्हणू दिलं नाहीत. "इटलीनी शे," असं तुम्ही बॉनेटवर हात ठेवून सांगायचात, जणू तिकडे आपली सोयरीक आहे. फिकट हिरवा रंग, स्टिअरिंगलाच गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. सपाट रस्त्याला डौलात पळायची. जळगाव सोडल्यापासून धुळ्यापर्यंत तुमच्या तोंडी तिचं कौतुक चालायचं, आणि धुळं मागे पडून लळिंगचा चढ दिसला की गाडीत सगळे गप्प. घाट म्हणायचा म्हणून घाट, बैलगाड्यासुद्धा चढतात. पण आपली गाडी निम्म्यात धापा टाकायची आणि आई दगड घेऊन खाली उतरायची. गाडी मागे सरकली की चाकामागे दगड, तुम्ही क्लच सोडायचात, दहा पावलं पुढे, पुन्हा दगड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेली बाई, नवं लुगडं नेसलेली, आणि अशी गाडीमागे चालते आहे. ट्रकमधले क्लीनर दात काढायचे. आई वर्षानुवर्षं काही बोलली नाही. एकदाच, गाडीत परत बसता बसता म्हणाली, "मनी माय इचारस, गाडी तुले आनस का तू गाडीले आनस?"

तुम्हाला ते लागलं. मालेगावच्या भंगारातून मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन तुम्ही उचलून आणलंत, जपानी बनावटीचं, जुन्यापेक्षा किती तरी ताकदवान. ते बसवायला तीन महिने लागले. इंजिनाच्या जुन्या बैठका कापून नव्या वेल्ड केल्या, शाफ्ट लेथवर आखूड केला, रेडिएटर मावेना म्हणून पुढचा पत्रा कापला. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स बदलला, तसा गिअर स्टिअरिंगवरून खाली आला आणि आईच्या पायाशी भोक पडलं. ती म्हणाली, "आते मी पाय कोठे ठेवू?" तुम्ही म्हणालात, "तुले आते पाय लागाव नहीत. उतरनं बंद." आणि हे सगळं करण्याआधी तुम्ही चारही चाकांचे ब्रेक नवे केले होते. ताकद वाढवायची तर आधी थांबायची सोय बघा, हे तुमचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या वर्षी आईने माहेरी निरोप धाडला की यंदा आम्ही न थांबता येतो, आणि आजीला गाडीत बसवून शिवारभर फिरवतो.

इंजिन बदललं की आरसी बुकात त्याचा नंबर चढवून घ्यावा लागतो, आरटीओत गाडी तपासून घ्यावी लागते. आणि तपासणारा मी. नोकरीला दोन वर्षं झालेली, खाकीला कडक इस्त्री, दुसरे इन्स्पेक्टर त्या आठवड्यात रजेवर. तुम्ही मैदानात येता, हाताला काळं तेल, रुमालात बांधलेला डबा, आणि पन्नास माणसांच्या रांगेतून मला हाक मारता, "भाऊ, जेवना का रे? तुनी मायनी कळण्यानी भाकर धाडेल शे." एक एजंट मोठ्याने म्हणतो, "साहेबांच्या घरचीच गाडी! मग तपासायचं काय त्यात?" सगळे हसतात. मी तुम्हाला शुद्ध पुस्तकी मराठीत सांगतो, "रांगेत उभे राहा." नाना, मला तुमची लाज वाटली होती. तेलाची, बोलीची, त्या रुमालाची. एजंटच्या बोलण्याची भीतीही होती, नाही म्हणत नाही, पण आधी लाजच.

मग मी गाडी चालवली. काय इंजिन बसवलं होतं तुम्ही! पाय ठेवायचा अवकाश, ती सुटली. आणि ब्रेक दाबला तेव्हा रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. मी खाली उतरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ब्रेक डावीकडे ओढतो. नापास. दुरुस्त करून पंधरा दिवसांनी आणा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग चाकाकडे. "बरं, साहेब," म्हणालात आणि जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून गेलात. आखाजी चार दिवसांवर आली होती.

दुसऱ्या कुणी ती गाडी तशीच नेली असती, लळिंगला कोण बघतंय? तुम्ही नेली नाहीत. पोरगा ज्या खात्यात आहे त्या खात्याचा कागद नसताना गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं तुम्ही आईला सांगितलंत. आई एसटीने गेली, धुळ्याला गाडी बदलून, उभ्याने. पंधरा दिवसांनी तुम्ही चारही ब्रेक पुन्हा नवे करून आलात. त्या वेळी मी गाडीत बसलोसुद्धा नाही, उभ्या उभ्या सही केली. पुढची आखाजी यायच्या आत आजी गेली. त्या वर्षी लळिंगचा चढ आपली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. आई पुढे बसली होती, मांडीवर दगड घेऊन. तुम्ही म्हणालात, "आते तरी फेकी दे." ती म्हणाली, "राहू दे. दगड काय पेट्रोल पेस का?" मग मालेगावची पाटी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. कुणाला न थांबता येते म्हणून सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं.

आणि तुम्ही काय केलंत? शेडवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंत, "मना पोऱ्यानी मनीच गाडी नापास करी!" मेहरूणपासून पाचोऱ्यापर्यंत ही गोष्ट माझ्या आधी पोचायची. सख्ख्या बापाला सोडलं नाही, तिथे आपली काय कथा, म्हणून माझ्या टेबलाशी पाकीट घेऊन कुणी आलंच नाही. मोह झाला नाही असं नाही. पण तुमची गोष्ट आधीच येऊन बसलेली असायची. सगळी नोकरी मी सरळ केली आणि आतून थकत गेलो, कारण ज्यासाठी लोक नमस्कार करत ते मी केलेलंच नव्हतं. वाटायचं, तुमचा तरी विश्वास बसला आहे. त्याच समाधानावर तुम्हाला पोचवून आलो.

काल डबा उघडला. गाडी नापास केली त्याच आठवड्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रेकचे लायनर, चारही चाकांचे. झिजलेच नव्हते, कडेचा पिवळा रंगही गेला नव्हता. वापरलेला नटसुद्धा न टाकणारा माणूस तुम्ही, हे दुसऱ्या कुठल्याही गाडीला लावता आले असते. लावले नाहीत, कुणाला दाखवले नाहीत. चाक खोललं त्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं की पोरगा खोटं बोलला. आणि तरी गावभर सांगत फिरलात. मला वाचवायला की मला बांधून ठेवायला, हे आता कुणाला विचारू?

हे पत्र त्याच डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडणार? ब्रेकचं तुम्हाला ठाऊक होतं, म्हणजे माझ्याकडे कबूल करण्यासारखं फार उरलेलं नाही. एवढंच उरलंय. गाडी नापास केली त्या संध्याकाळी घरी तुम्ही मला बाकी काही न विचारता एवढंच विचारलंत, "भाकर कशी व्हती?" मी म्हणालो, "चांगली होती." नाना, तो भाकरीचा डबा मी उघडलाच नव्हता. रुमालासकट शिपायाला देऊन टाकला होता.