डेअरीच्या भिंतीपाशी कोण उभं असतं

सोमवार, संध्याकाळ. घाटनांदूर.

आज डोळ्यांच्या शिबिराला जाऊन आलो. वाचताना त्रास होतो, एवढंच सांगणार होतो. त्या सावलीचं सांगायचं नव्हतं.

दुष्काळानं जनावरं छावणीत गेली, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या डेअरीत दूध येत नाही. मी सेक्रेटरी, म्हणून उगाच जाऊन बसतो. महिनाभर झाला, तिथल्या पांढऱ्या भिंतीपाशी कुणीतरी उभं दिसतं. नीट बघायला गेलं की बाजूला सरकतं. मोठा भाऊ, दादा, तिथंच लकवा मारून पडला आणि गेला. मला वाटलं, तोच. कुणाला बोललो नाही.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळ्यात उजेड टाकला. मग बीपी मोजलं.

"काका, बीपीची गोळी चालू आहे का?"

"मला काय झालंय?"

"वयानं आणि बीपीनं डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कडक झाल्यात. डाव्या डोळ्यात एक फुटलीय. तिथं रक्त साचलंय. घरात कुणाला लकवा झाला होता?"

"थोरल्या भावाला," मी म्हणालो.

येताना डेअरीपाशी थांबलो. डावा डोळा झाकला, भिंत मोकळी. उघडला, तो उभा. म्हणजे माझंच रक्त. पण दादाचं रक्तही तेच होतं ना?

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शिबिरात मिळालेली गोळी हातावर ठेवली. "आदी ही घ्या. मोठ्या भावजींना लई सांगितलं, त्येंनी ऐकलं न्हाई."

बीपी आटोक्यात राहिलं तर डाग हळूहळू विरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गोळी हातात घेऊन बराच वेळ बसलो. दादाला दुसऱ्यांदा पोचवतोय असं वाटत होतं.

तरी गिळली.