क्योबाशी स्टेशनवरचा हिरवा दिवा

प्रिय तोमोकी,

मिझोगुचींचं जुन्या गेमचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. शाळा सुटली की घरी न येता तू जिथं जाऊन बसायचास, तेच. शेवटच्या दिवशी मी गेले होते. माझं गेमचं यंत्र बिघडलं की तेच नीट करून द्यायचे. म्हणाले, "वहिनी, ही माझ्याकडची शेवटची बॅटरी. पण खरं सांगू का, हे खिशात घेऊन हिंडणारी पोरं आता राहिली नाहीत. सगळी फोनला चिकटलीत. तुम्ही रोज स्टेशनवर उभ्या राहता, भेटणार कोण तुम्हाला?" मी हसून बॅटरी पिशवीत टाकली.

आईकडे गेमचं यंत्र कुठून आलं, असं तुला वाटेल. तू घर सोडून गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात घेतलं. तुझं होतं तसंच, निळं. घरातून तू दोन शर्ट आणि ते यंत्र नेलंस, एवढंच मला ठाऊक होतं. ही यंत्रं घेतलेली दोन माणसं जवळून गेली की हिरवा दिवा लागतो, आणि समोरच्याची बाहुली, नाव आणि एका ओळीचा निरोप आपल्या पडद्यावर येतो, हे मिझोगुचींनी सांगितलं. त्यांच्याकडून मी माझी बाहुली करून घेतली, चष्मेवाली. निरोपात लिहिलं, 'तोमोकी, घरी ये.'

तेव्हा तासाभरात पन्नास-साठ जण पडद्यावर यायचे. दहा झाले की यंत्रातली जागा भरायची. मग बाकावर बसून एकेका बाहुलीला आत घ्यायचं आणि पुन्हा स्टेशनच्या पुलाच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. शाळकरी मुलं, कारकून, एकदा थेट उत्तरेकडच्या आओमोरीची एक मुलगी. माझा निरोप वाचून काहींनी आपला बदलला. 'मी तोमोकी नाही, पण तो भेटू दे,' असं एकानं लिहिलं. मोची नावाचा कुणी रोज सहाच्या गाडीनं जायचा. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही. 'आज पण नाही का?' असं तो विचारायचा. पाच वर्षं विचारलं. मग एके दिवशी निरोप आला, 'फोन घेतला. माफ करा, आई.' त्यानंतर तो आला नाही. साठाचे वीस झाले, विसाचे तीन, मग आठवड्याला एखादा. गेल्या वर्षभरात दिवा एकदाही लागलेला नाही.

प्रवेश परीक्षेत तू दुसऱ्यांदा नापास झालास त्या सकाळी बाबा म्हणाले होते, "या डबीनं तुझं वाटोळं केलं. असला मुलगा नसलेला बरा." तू माझ्याकडे पाहिलंस. मी मुळा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "बाबांचं काय चुकलं?" मला ते तसं म्हणायचं नव्हतं. भांडण मिटावं, एवढंच मनात होतं. पण तू जे ऐकलंस ते तेवढंच.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तू गेल्यावर सातव्या वर्षी, नोव्हेंबरात, एक बाहुली आली. नाव 'तोमो'. निरोपाची जागा कोरी. मी पुलावर मागे धावले. शेकडो पाठी होत्या, सगळ्या काळ्या कोटातल्या. कुणाला हाक मारायची? पुढे चार महिने मी त्याच वेळी तिथं उभी राहिले. ती बाहुली परत आली नाही. या नावाची मुलं ओसाकात कितीतरी असतील. पण ती तुझी असेल, तर माझी बाहुलीही तुझ्याकडे पोचली. माझे शब्द तू वाचलेस, आणि तरीही आला नाहीस. ती तुझी नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. तसं असेल तर तू कधी जवळून गेलाच नाहीस. दोन्हींतलं कुठलं खरं असावं, हे मला ठरवता येत नाही.

बाबा फेब्रुवारीपासून अंथरुणाला खिळलेत. अर्धं अंग गेलंय, बोलणं फक्त मला कळतं. ते एकच मागतात, की त्यांच्याआधी तुझं नाव घराण्याच्या कबरीच्या दगडावर लागावं. 'पोराला असं वाऱ्यावर सोडून कसा जाऊ,' म्हणतात. परवा मी कौटुंबिक न्यायालयात अर्ज दिला. बेपत्ता माणसाला मृत ठरवण्याचा. तिथल्या बाईंनी विचारलं, "तेरा वर्षांत काहीच खूण नाही? फोन, निरोप, काही?" मी म्हटलं, "काहीच नाही." काही महिने त्यांची जाहीर नोटीस राहील, मग निकाल. पत्र पाकिटात बंद करून दिलं तर फायलीत ठेवते, असं त्या म्हणाल्या. तू कधी स्वतःची चौकशी करायला आलास तर तुझ्या हाती देतील. म्हणून हे लिहिलं. तू हे वाचत असशील तेव्हा सरकारदरबारी तू मेलेला असशील, आणि त्या कागदावर सही माझी असेल. बाबांनी हट्ट धरला, हे खरं. पण पेन माझ्या हातात होतं, आणि मी थांबले नाही.

तुझीच,
आई