सुतळीची कोणती बाजू

४ फेब्रुवारी

कचेरीतली साहेबीण आली होती. हातात फाइल, पायात पांढरे बूट — मळ्यात पांढरे बूट! आमचा सामाईक मळा म्हणजे साठ तुकडे, साठ माणसं, जमीन कचेरीची. करार यंदा संपतो. पुढे तिथे बसगाड्या उभ्या करायच्यात म्हणे.

मी म्हटलं, "इथे पडक्या कारखान्याच्या विटा होत्या तेव्हा कुठे होत्या तुमच्या बसगाड्या?"

म्हणाली, "आजी, तेव्हा मी शाळेत होते."

उत्तर चोख. म्हणून जास्त राग आला.

मग तिने यादी काढली. साठ जणांसाठी एवढी जागा अडवलीत, आणि तुकडा मिळावा म्हणून साठ माणसं वर्षानुवर्षं ताटकळलीत, त्यांचं काय? सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मीही.

५ फेब्रुवारी

गुडघा ठणकतोय. गेले, पालक खुडला, आले.

११ फेब्रुवारी

सभा झाली. आमचे चिटणीस टपालवाले. नोकरी सुटली तरी खांद्याची पिशवी सुटली नाही. त्यांनी तोडगा काढला — प्रत्येक तुकड्याचे दोन करायचे, यादीतली सगळी माणसं आत घ्यायची आणि कचेरीला सांगायचं, आता एकशेवीस घरांत इथली भाजी जाते, घाला त्यांच्यावर बस!

आरडाओरडा. भोपळेवाला म्हणाला, "माझे वेल अर्ध्यात मावायचे नाहीत." म्हटलं, "वेलांना सभेला आणा, त्यांनाच विचारू."

शेवटी मी हात वर केला. पहिला माझाच. मनापासून नव्हता, नुसता खांद्यापासून होता. सगळं जाण्यापेक्षा अर्धं बरं, एवढं गणित चौथी नापासालाही येतं.

१२ फेब्रुवारी

जेवताना घरी सांगितलं. मुलगा म्हणतो, "बरंच झालं आई, गुडघ्यांना आराम." आरामातलं त्याला जन्मापासून कळतं! सून काही बोलली नाही. बोलतच नाही ती. दिवसभर बेकरीत उभी, घरी आली की ओट्यापाशी उभी, आवरलं की खिडकीपाशी उभी. सहा वर्षं झाली या घरात येऊन. घुमी. भिंत तरी पोपडे टाकते.

नवरा गेला त्याच महिन्यात मला तुकडा मिळाला होता. बायका एकीकडे रडायला आल्या, मी दुसरीकडे कुदळ आणायला गेले. लोक काय काय बोलले. त्यांनीच नंतर वांगी मागितली.

१५ मार्च

कागद आला! पंधरा वर्षांचा करार! टपालवाल्यांनी तो तीनदा वाचून दाखवला. शिंपी माझ्या शेजारचा तुकडा करतो, त्याने टोपी उडवली, ती विहिरीत पडली. आम्ही जिंकलो.

एकच अट. महिनाअखेरीच्या आत नवीन माणसं मळ्यात दिसली पाहिजेत.

१८ मार्च

नियम ठरला. सुतळी जुन्याने बांधायची, बाजू नव्याने निवडायची. म्हणजे वाटणीत लबाडी नको. कुणाच्या वाट्याला कोण येणार हे निवडीच्या दिवसापर्यंत टपालवाल्यांच्या पोटात. म्हणजे वशिलाही नको. आम्हाला नुसता नंबर सांगितला, नाव नाही. मला यादीतला नऊ नंबर.

माझ्या तुकड्याच्या दोन तऱ्हा. नळाकडची माती काळी, मऊ, बावीस वर्षं माझ्या हाताने चाळलेली. कुंपणाकडे वीतभर खाली नुसत्या विटा. तिथला मुळा वाकडा येतो, माझ्या बोटांसारखा.

सुतळी बरोब्बर मधोमध बांधली. मोजून घ्या म्हणावं!

२६ मार्च

केलं ते केलं. कुंपणाकडे पालापाचोळ्याचं खत पसरलं, आठ बादल्या. नळाकडची टोमॅटोची सहा जोमदार रोपं गड्ड्यासकट उचलून तिकडे लावली, काठ्या रोवल्या, पाणी दिलं. नळाकडची बाजू बोडकी सोडली. वर दोन-चार दगड ठेवले, दिसायला.

शिंपी कुंपणाला टेकून म्हणाला, "आजी, नवरी नटवताय?"

"तुम्ही तुमचे काज करा."

"मी कालच केले," म्हणाला. बघते तर त्याचीही खडकाळ बाजू हिरवीगार!

२७ मार्च

सगळ्यांनीच केलंय. अख्खा मळा अर्धा फुललाय, अर्धा बोडका. टपालवाले कपाळावर हात मारून म्हणाले, "येणाऱ्याला एवढंच सांगायचं बाकी आहे — हिरवं दिसेल तिथे विटा आहेत." हसून हसून कंबर धरली. पण रोपं काही मी परत नेली नाहीत. बावीस वर्षांची माती कोण कुठल्या नऊ नंबरला द्यायची? त्याला बिचाऱ्याला तुकडा मिळतोय हेच खूप.

२९ मार्च

आज निवड. टपालवाल्यांनी नऊ नंबर पुकारला. फाटकातून सून आली.

मला वाटलं डबा विसरले म्हणून आली असेल. हातात छत्री, पाऊस नाही, ऊन नाही. माझ्याकडे न बघता वहीत सही केली. यादीत पाच वर्षांपूर्वीचं नाव! टोमॅटोंपाशी गेली, छत्रीचं टोक मातीत खुपसलं — खट्. नळाकडे गेली, खुपसलं — मुठीपर्यंत आत. म्हणाली, "ही."

मी म्हटलं, "अगं, मला मागायचंस की! दिला नसता का तुकडा?"

म्हणाली, "दिला असतात, आई. विटांचा."

शिंपी बघत होता, टपालवाले बघत होते. मी बादली उचलली, विटांवरच्या टोमॅटोंना पाणी घातलं.